संमतिवयाच्या गर्दीत

पागोटं जरा पुढे ओढा. उपरणं नीट घ्या. १८९१ सालचा फेब्रुवारी चालू आहे. तुम्ही पुण्यात, सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात राहता. वय २२. मॅट्रिक होऊन कलेक्टर कचेरीत उमेदवारी करता. पगार अजून सुरू झालेला नाही, लग्न मात्र झालेलं आहे. डोकं तेवढं तुमचं आजचंच ठेवलंय. मानसशास्त्राची वाचलेली पुस्तकं, बालविवाहाबद्दलचा संताप, सगळं त्यात शाबूत आहे. संध्याकाळपर्यंत ते किती टिकतं, तेवढंच बघायचं.

शहरात विषय एकच, संमतिवयाचं बिल. ९ जानेवारीला सर अँड्र्यू स्कोबल यांनी ते कलकत्त्याच्या कौन्सिलात मांडलं. १८६० च्या दंडविधानात मुलीच्या संमतीचं वय १० होतं, ते १२ करायचं; आणि नवऱ्यालाही सूट नाही. बिल एवढंच. त्याच्या मागे कलकत्त्याची फुलमणी दासी आहे. दहा-अकरा वर्षांची ही मुलगी नवऱ्याच्या हातून मेली. नवरा हरिमोहन मैती याला वर्षाची सक्तमजुरी झाली आणि तेवढ्यावर तो सुटला. मुलगी दहाच्या पुढची होती, त्यामुळे बलात्काराचं कलम त्याला लागतच नव्हतं.

तुम्ही आजचे, त्यामुळे तुमचं मत ठरलेलं आहे. बारासुद्धा कमीच. असल्या बिलाला विरोध करायला माणसं रस्त्यावर येत असतील तर ती एक तर दुष्ट, नाही तर अडाणी. हे मत घेऊन स्वयंपाकघरात चला.

आई चुलीपुढे आहे. परसात तुमची धाकटी बहीण सागरगोटे खेळतेय. वय ११, लग्न गेल्या वैशाखात झालं. अजून न्हाण आलेलं नाही. आलं की ऋतुशांती, आणि मग सासर. आई दाराकडे एकदा बघून आवाज खाली आणते. “बारा काय, तेरा म्हणाले असते तरी मला चाललं असतं रे. काडीसारखी आहे पोर. पण तुझ्या वडिलांपुढे बोलू नकोस हे. त्यांना शास्त्राबाहेरचं खपत नाही.”

वडील ओटीवर पंचांग उघडून बसलेत. तुम्ही नुसता विषय काढता. ते चष्म्यावरून बघतात. “शास्त्रात काय आहे ते भांडारकर आणि टिळक बघून घेतील. मला विचारशील तर घाई नाहीच. पण तुझ्या आईचा जीव त्यात अडकलाय. पोर वेळेवर गेली नाही तर लोक काय म्हणतील, असं तिला वाटतं.”

तुम्हाला हसू येतं. ते आवरा आणि बाहेर पडा. खालच्या बिऱ्हाडातले मास्तर दिंडीपाशी गाठतात आणि चौकापर्यंत बरोबर चालतात. निम्म्या वाटेवर ते थांबतात, मागेपुढे बघतात. “तुमच्यापाशी म्हणून बोलतो. आमची थोरली पहिल्या बाळंतपणात गेली. चौदा पुरी नव्हती. सरकारने केलं काय नि ब्रह्मदेवाने केलं काय, मुली वाचल्या म्हणजे झालं. पण माझं नाव घेऊ नका हो कुठे. अजून दोघी उजवायच्या आहेत.”

सकाळचे नऊ वाजलेत आणि बिलाला मनातून हरकत नसलेली तीन माणसं तुम्हाला भेटली. आपल्यासारखं आपणच, अशी तिघांचीही खात्री. एकाच छपराखाली नवरा बायकोच्या धास्तीने गप्प, बायको नवऱ्याच्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लॉइड ऑलपोर्ट आणि त्याचे सहकारी या प्रकाराला नाव देतील: गटातला जो तो मनातून एका बाजूला असतो, पण बाकीचे सगळे दुसऱ्या बाजूला आहेत असं धरून चालतो, आणि चारचौघांत त्या न दिसणाऱ्या बहुमतासारखा वागतो. असं बहुमत पुढे खरंच दिसू लागतं, कारण जो तो त्यात आपल्या गप्प राहण्याची भर घालत असतो.

मास्तरांना भित्रा ठरवण्याची घाई मात्र करू नका. १९५१ साली सॉलोमन अ‍ॅश अमेरिकेत कॉलेजातल्या पोरांना एका खोलीत बसवून रेघांची लांबी विचारणार आहे. डोळ्यांना धडधडीत दिसणारं उत्तर, पण खोलीतले बाकीचे, म्हणजे अ‍ॅशचीच पढवलेली माणसं, एकमुखाने चुकीचं सांगतात. आणि सुमारे एकतृतीयांश वेळा ज्याच्यावर प्रयोग चाललाय तो पोरगाही त्यांच्यामागून चुकीचं बोलतो. त्या पोराला खोलीतल्या परक्यांशी पुन्हा काही देणंघेणं नव्हतं. मास्तरांना आहे. १८६९ साली मुंबईत सुधारकांनी विधवाविवाह लावला, तेव्हा त्यात भाग घेणाऱ्यांवर शंकराचार्यांचा बहिष्कार पडला. ते या वाड्यात कुणी विसरलेलं नाही. वाळीत पडलं की श्राद्धाला ब्राह्मण मिळत नाही, पंगतीला पान मांडलं जात नाही, मुलीला स्थळ येत नाही. तुमच्या आजच्या डोक्याला हेही ठाऊक आहे की गेल्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनात काही मंडळींनी घेतलेल्या चहाचं केवढं ग्रामण्य होणार आहे. गोपाळराव जोशी हजर मंडळींची नावं ‘पुणेवैभवा’त छापवतात, शंकराचार्यांकडे तक्रार जाते, आणि रानड्यांसारख्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावं लागतं. त्या यादीत खुद्द टिळकही असतात. ज्या गावात एका कपाची ही किंमत, तिथे मास्तरांनी दोन मुली घरात ठेवून काय बोलावं?

इथवर तुम्ही शहाणे आहात. आता कचेरी.

नवा असिस्टंट कलेक्टर तुमच्याहून फार तर तीन वर्षांनी मोठा असेल. तुम्ही कागद घेऊन टेबलासमोर उभे राहता. तो वर बघत नाही. बऱ्याच वेळाने बघतो, आणि कागदाबद्दल काही न बोलता, शेजारच्या गोऱ्या इंजिनिअरला डोळा घालून विचारतो, तुझी बायको किती वर्षांची?

दाराशी दोन पट्टेवाले आहेत. दोघांनाही एवढं इंग्रजी समजतं.

उत्तर देऊ नका, देता यायचं नाहीच. आजच्या डोक्याला वाटतं की प्रश्न बरोबर आहे. मुलींच्या वयाबद्दल सकाळी तुम्ही तोच तर विचारत होता. पण कानाच्या पाळ्या तापल्यात त्या २२ वर्षांच्या उमेदवाराच्या. त्या हसण्यात मुलीबद्दल काडीची कळकळ नाही, हे त्याला कळतं. त्याची जात, त्याचं घर, त्याची आई, सगळं टेबलावर उलगडून ठेवलंय आणि दोन माणसं ते गंमत म्हणून बघतायत. तुम्ही कागद ठेवून बाहेर येता. पट्टेवाला नजर वळवतो. त्याने वळवायला नको होती.

सुट्टीनंतर वाचनालयात कुणीतरी ‘केसरी’ मोठ्याने वाचत असतं. मुद्दा साधा आहे. सुधारणा समाजाने आपण होऊन कराव्यात. ज्या सरकारात आपला शब्द चालत नाही, त्याच्या दंडुक्याने नव्हे. कोपऱ्यातले एक वकील राणीच्या १८५८ च्या जाहीरनाम्याची आठवण देतात. धर्मात हात घालणार नाही असं वचन होतं. शस्त्रं गेली, राज्य गेलं, मोठ्या नोकऱ्या गेल्या. राहिलं होतं माजघर, आता शिपाई तिथेही शिरणार. हे ऐकताना तुम्हाला माजघर दिसत नाही. तुम्हाला तो असिस्टंट कलेक्टर तुमच्या आईच्या चुलीपाशी उभा असलेला दिसतो.

हा क्षण नीट पाहून घ्या, कारण तुमचं मत फिरलं ते इथे. बिलाबद्दल तुम्हाला नवी माहिती एकही मिळालेली नाही. १० आणि १२ या आकड्यांवर तुमचं म्हणणं सकाळचंच आहे. बदललाय तो प्रश्न. मुलीचं वय किती असावं, हे मागे पडलं. आमच्या घरात हुकूम कुणाचा, हे पुढे आलं.

जॅक ब्रेमने १९६६ साली हे मांडलं. एखादी मोकळीक हिसकावली जातेय असं दिसलं की तिचं मोल माणसाच्या लेखी एकदम चढतं, मग ती त्याने कधी वापरलेली असो वा नसो. पुढे मायामीत फॉस्फेटवाल्या साबणपावडरींवर बंदी आली तेव्हा लोकांनी त्यांचे साठे केले, चोरून आणल्या, आणि बंदी नसलेल्या टॅम्पातल्या बायकांपेक्षा मायामीतल्या बायका त्याच पावडरीला जास्त गुण देऊ लागल्या. कपडे धुण्याच्या पावडरीचं हे, मग जिथे घराण्याची अब्रू गुंतलीय तिथे काय होईल? आणि काहनेमान व ट्वेर्स्की यांनी १९७९ साली दाखवलं तेही इथे आहेच, की मिळालेल्या रुपयाच्या आनंदाहून गेलेल्या रुपयाचं दुःख बरंच मोठं असतं. बिलाने मुलींना जे मिळणार ते वाचनालयातल्या एकाही माणसाला मिळणार नव्हतं. जाणार होतं ते मात्र प्रत्येकाचं, निदान प्रत्येकाला तसं वाटत होतं.

एक गोष्ट मला इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. अब्रूच्या नावाने गर्दी उठवण्याची युक्ती पुण्याने वेदांतून काढलेली नाही. १८८३ साली हिंदी न्यायाधीशांना गोऱ्या आरोपींचे खटले चालवता यावेत म्हणून इल्बर्ट बिल आलं, तेव्हा कलकत्त्याच्या क्लबांतल्या साहेबमंडळींनी सभा घेतल्या, आरडाओरडा केला, आपल्या बायकामुलींची अब्रू धोक्यात आहे असा गहजब केला, आणि सरकारला माघार घ्यायला लावली. गोऱ्या आरोपीला निम्मे गोरे ज्यूरी मागण्याचा हक्क देऊन ते बिल मिळमिळीत करण्यात आलं. सगळा हिंदुस्थान ते बघत होता. बिलाविरुद्ध घराच्या अब्रूची हाक घालायची आणि गर्दी दाखवायची, की सरकार नमतं, हा धडा साहेबानेच घालून दिला. प्रतिगामीपणा हा मागासलेल्या जमातींचा रोग आहे असं मानणाऱ्यांनी ते क्लब जरूर बघून यावेत.

आता क्रीडाभुवनात चला. सुधारकांनी बिलाच्या बाजूने सभा बोलावली आहे. तुम्ही काही ठरवून आलेला नाही. कचेरीतले तिघे निघाले, तुम्हीही निघालात. आत शिरायला जागा नाही. पुढच्या बाकांवर सुधारकांची मंडळी, मागे आणि दारांत टिळकांच्या पक्षाचे लोक, विद्यार्थी बरेच. कुणीतरी बोलायला उभं राहतं. पहिली आरोळी कुठून येते ते कळत नाही. दुसरी तुमच्या डावीकडून येते. तिसऱ्या आरोळीला तुमचा आवाज त्यात आहे.

काय ओरडलात ते तुम्हाला धड ऐकूही आलं नाही. पण छातीत जी कळ दुपारपासून दबून होती ती सुटली, आणि शेजारच्या अनोळखी माणसाने तुमच्या खांद्यावर हात ठेवला. असिस्टंट कलेक्टरला देता न आलेलं उत्तर तुम्ही पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या रावबहादुरांना दिलंत. ते तुमच्या आवाक्यात होते, साहेब नव्हता. धूळ उडते, ढकलाढकली होते, सभा मोडते. बाहेर पडताना जमावात तुम्हाला मास्तर दिसतात. ते ओरडत नाहीत, पण गेलेही नाहीत. तुम्हाला बघून ते मान हलवतात, आणि तुम्हाला वाटतं, हेही आपल्यातलेच. तुमच्याबद्दल त्यांनाही तेच वाटलेलं असतं.

सकाळी भेटलेल्या तीन माणसांनी मनातली गोष्ट चारचौघांत कुठेच बोलून दाखवली नाही. चौथ्याने, म्हणजे तुम्ही, उलट ओरडून ती आणखी अवघड करून ठेवलीत.

रात्री घरी आल्यावर जेवताना जरा विचार करा, कारण प्रयोगशाळेतल्या गोष्टी इथे कमी पडतात. गर्दी कशी चढते ते त्या सांगतात. गर्दीच्या पुढे उभ्या असलेल्या माणसाबद्दल त्या फारशा उपयोगी नाहीत. टिळकांनी याच वादात स्वतःच्या सूचना मांडल्या होत्या: मुलीचं लग्न १६ च्या आत करू नये, मुलाचं २० च्या आत करू नये, विधवांचं वपन बंद व्हावं, ज्यांना सुधारणा हव्यात त्यांनी आधी स्वतःला या नियमांनी बांधून घ्यावं. सोळा! सरकारच्या बारापेक्षा चार वर्षं पुढे. म्हणजे बिलाच्या कट्टर विरोधकालाही बारा वर्षांत अधर्म दिसत नव्हता. तरीही ऋतुशांतीच्या वेळच्या गर्भाधानाच्या वचनांवरून ते भांडारकरांशी वृत्तपत्रांत भिडले, आणि संस्कृत न जाणणारे शेकडो वाचक आपापल्या बाजूचं वचन अचूक मानून मोकळे झाले. टिळकांचा राजकीय मुद्दा मला पोकळ वाटत नाही. परक्या सत्तेने घरात शिरू नये, हे म्हणणं खरं होतं. पण जी गर्दी त्यांनी हाताशी धरली तिला सोळाची प्रतिज्ञा ऐकूच आली नाही, ‘नाही’ तेवढं ऐकू आलं. आणि हे त्यांना कळत नव्हतं असं मानायला ते फार हुशार होते. तुम्ही क्रीडाभुवनात वाहवत गेलात. टिळक वाहवले नव्हते. दोघांचा हिशेब एका खात्यात मांडता येत नाही.

दुसरी बाजू आगरकरांची. टिळकांचे एकेकाळचे जिवलग. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणातल्या बदनामीच्या खटल्यात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढलेले. १८८८ पासून ते ‘सुधारक’ चालवतायत, दम्याने खंगलेत, आणि बिलाच्या बाजूने उघड लिहितायत. पुण्याने या माणसाची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. एका दमेकऱ्यावर एवढा राग कशासाठी, याचंही उत्तर अ‍ॅशच्या खोलीत आहे. त्याने प्रयोग थोडा बदलून पाहिला. पढवलेल्या माणसांपैकी एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं. बस, तेवढ्याने बाकीच्यांच्या मागे फरफटत जाण्याचं प्रमाण पार खाली आलं. माणसाला एक सोबती पुरतो. मास्तरांसाठी तो सोबती आगरकर होते, छापील, दर आठवड्याला. म्हणून तर तिरडी बांधली गेली. आगरकर गप्प होतील अशी आशा बांधणाऱ्यांनाही नव्हती. मास्तरांनी मात्र ती तिरडी बघावी, एवढी तजवीज झाली.

सुधारकांचं काय चुकलं म्हणाल तर त्यांनी सरकारकडे बघितलं आणि वाड्यांकडे बघितलं नाही. माजघरातली मतं उजेडात आली असती, तर वडिलांना आईचं आणि आईला वडिलांचं कळलं असतं. पण माजघरात जायला सुधारकांकडेही फारशा बायका नव्हत्या. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन नुकतंच मुंबईहून पुण्यात आलेलं, आणि त्याच्याकडे संशयाने बघणारे डोळेच जास्त. जिने या सगळ्यांआधी कोर्टात उभं राहून नकार दिला ती रखमाबाई विलायतेत डॉक्टरीचा अभ्यास करतेय. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर तुरुंगात जा, असं १८८७ साली हायकोर्टाने सांगितलं, तर तिने तुरुंग पत्करते म्हटलं. ‘केसरी’ने तेव्हाही तिच्यावर तोफ डागली होती, आणि तुम्ही, अठरा वर्षांचे, ती आवडीने वाचली होती.

पान वाढता वाढता आत्या विचारते, “सभेला बायामाणसं होती का रे कोणी?” तुम्ही नाही म्हणता. ती ताक ओतते. बहीण केव्हाच झोपली आहे. दिवसभर सगळं शहर तिच्या वयावर भांडलं आणि तिच्याशी एकाही माणसाने शब्द बोललेला नाही. तुम्हीही नाही, आणि तुम्ही तर तिच्यासाठी संताप घेऊन आला होतात.

१९ मार्चला बिल पास होतं. आकाश कोसळत नाही. कायद्याखाली खटले फारसे होत नाहीत, शिपाई कुणाच्या माजघरात शिरत नाहीत. ज्याची धास्ती होती ते झालंच नाही, आणि ज्यासाठी कायदा केला तेही फारसं झालं नाही. मुलींची लग्नं पूर्वीसारखीच लागत राहतात. लग्नाच्याच वयाला हात घालणारा सारडा कायदा यायला १९२९ उजाडावं लागतं. धास्ती खोटी ठरली म्हणून राग ओसरला असेल असं मात्र समजू नका. क्रीडाभुवनाबाहेर खांद्यावर पडलेला तो हात खराच होता. एकत्र ओरडण्यात काय मिळतं ते तुम्हाला कळलं, आणि ते मिळवायला बिलाची गरज नसते हेही.

म्हणून आणखी एक मुक्काम करू. डिसेंबर १८९५. काँग्रेसचं अधिवेशन पुण्यात भरतंय, अध्यक्ष सुरेंद्रनाथ बॅनर्जी. दरवर्षी काँग्रेस संपली की त्याच मांडवात रानड्यांची सामाजिक परिषद भरते. यंदा ती तिथे भरू द्यायची नाही, भरलीच तर मांडव जाळू, अशी भाषा पेठांतून चाललीय. आगरकर जूनमध्ये गेले, चाळिशीच्या आत. तुम्ही आता कायम झालेले कारकून आहात, साहेब बदलून गेला, त्याचा चेहराही तुम्हाला नीटसा आठवत नाही. तुमची बहीण साताऱ्याला सासरी आहे. तिसऱ्या खेपेला बाळंतपणासाठी माहेरी यायची आहे, वय १६ सुद्धा नाही. या वेळी कायदा नाही, वय नाही, शास्त्रवचन नाही. वाद आहे तो मांडव कुणाचा, एवढाच. तुम्हाला कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. रानडे भांडण न वाढवता परिषद दुसरीकडे हलवतात, आणि पेठेत पेढे वाटले जातात. मास्तर दोन घेतात, एक घरच्या मुलीसाठी.